मिठाच्या गावची खानावळ: केंटच्या किनाऱ्यावर चार दिवस

कोजागिरीच्या आधी बाबा इंग्लंडला, रेडिंगमधल्या माझ्या घरी आले. बॅगेत आईने दिलेला मसाला, तांदळाचं पीठ, कोकम आणि तळाशी अर्धा किलो खडेमीठ. मी म्हटलं, "बाबा, मीठ इथेही मिळतं." ते म्हणाले, "मिळत असेल गं बाय. पण ते कुठलं, हे कोण सांगणार?"

बाबांचं तरुणपण उरणकडच्या मिठागरात गेलं. आमची जात आगरी, आणि ते नावच आगरावरून आलेलं. न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं. पुढे बंदर आणि वाढत्या शहराखाली आमच्या बाजूची बरीच मिठागरं गेली. बाबांच्या बोटांना मात्र अजून मिठाची पारख आहे. या देशात नऊ वर्षं राहून इंग्रजी जेवण बेचव असतं असं मीही इतरांसारखंच सांगत आले. मग कुठेतरी वाचनात आलं की इंग्लंडच्या आग्नेय टोकाला, केंटच्या किनाऱ्यावर सीसाल्टर नावाचं एक गाव आहे, त्याच्या नावातच मीठ आहे, आणि तिथल्या जुन्या पबमध्ये आचारी स्वतः समुद्राच्या पाण्याचं मीठ काढतात. बाबांना तिथे न्यायचंच असं मी त्या दिवशी ठरवलं. शनिवार दुपारचं टेबल दोन महिने आधी राखून ठेवलं आणि त्याभोवती चार दिवसांची सहल बांधली.

पहिला दिवस, गुरुवार: लंडन

रेडिंगहून एलिझाबेथ लाइनची गाडी गाडी न बदलता थेट फॅरिंग्डनला जाते. गुरुवार म्हणजे बाबांचा शाकाहाराचा दिवस. त्यात "पबमध्ये जाऊन बसायचं, तेही मुलीबरोबर" याचा त्यांना संकोच वाटत होता. त्यांच्या मनातला पब म्हणजे दारूचा गुत्ता. मी त्यांना सांगितलं की 'पब' हा 'पब्लिक हाउस'चा छोटा शब्द आहे. सगळ्यांना खुलं असलेलं घर. आपल्या गावात चावडी असते, देवळाचा पार असतो, तसंच हे. म्हातारी माणसं कुत्रं घेऊन येतात, कोणी पेपर वाचतं, कोणी नुसता चहा घेतं.

फॅरिंग्डन रोडवरच्या 'द ईगल'पासून सुरुवात करायची हे मी मुद्दाम ठरवलं होतं. आज ज्याला गॅस्ट्रोपब म्हणतात, म्हणजे जेवणासाठी नावाजलेला पब, त्या प्रकाराची सुरुवात इथे १९९१ च्या जानेवारीत झाली. मायकेल बेल्बेन आणि डेव्हिड आयर या दोघांनी एक मरगळलेला पब चालवायला घेतला. टेबलावर चादर अंथरायची नाही, जुन्या बाजारातल्या एकमेकींशी न जुळणाऱ्या खुर्च्या आणि ताटल्या चालतील, पण जेवण मन लावून केलेलं हवं, असा त्यांचा विचार होता. स्वयंपाकाची जागा बारच्या मागेच, गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर. ती आजही तशीच आहे. बियरचा ग्लास भरणारा आणि तवा सांभाळणारा एकमेकांना खांदा लावून उभे असतात, आणि काय शिजलंय ते खडूने फळ्यावर लिहिलेलं असतं.

या दोघांना पब मिळाला कसा, त्यामागे एक सरकारी आदेश आहे. तोवर इंग्लंडमधले पुष्कळ पब मोठ्या दारू-कारखान्यांच्या मालकीचे असत आणि तिथे त्याच कारखान्याची बियर विकावी लागे. १९८९ च्या आदेशाने दोन हजारांहून जास्त पब असलेल्या कंपन्यांवर बंधनं आली, त्यांना पब मोकळे करावे लागले. एकाएकी पुष्कळ पब भाड्याने मिळू लागले आणि हाताशी फारसे पैसे नसलेल्या तरुण स्वयंपाक्यांना छप्पर मिळालं. इंग्लंडमधल्या जेवणाची पुढची तीस वर्षं त्या आदेशाने घडवली असं मला वाटतं.

बाबांनी आणि मी पांढऱ्या घेवड्याचं दाट सूप आणि पाव घेतला. वर ऑलिव्ह तेलाची धार होती. बाबा म्हणाले, "वालाच्या बिरड्याच्या जवळचं आहे." ईगलचं जेवण पहिल्यापासून भूमध्य समुद्राकडचं, पोर्तुगाल-इटलीच्या वळणाचं. इंग्लंडचं स्वतःचं अन्न याच साध्या टेबलांवर मानाने मांडायचं, हे पुढच्या लोकांनी केलं. ते पाहायला आम्ही किनाऱ्याला निघालो होतो.

जाता जाता फ्लीट स्ट्रीटवरचा 'ये ओल्ड चेशायर चीज' बाहेरूनच पाहिला. १६६६ च्या आगीत जळला आणि १६६७ साली पुन्हा उभा राहिला. बाबा दारातून आत डोकावले आणि म्हणाले, "शिवाजीमहाराज आग्र्याहून सुटले, त्याच साली इथे आग लागली." मला हे कधी सुचलं नव्हतं. संध्याकाळी सेंट पँक्रसहून गाडी धरली आणि सव्वा-दीड तासात व्हिट्स्टेबलला उतरलो.

दुसरा दिवस, शुक्रवार: व्हिट्स्टेबल

सकाळी खिडकी उघडली तर समुद्र राखाडी, आकाशही राखाडी, आणि मध्ये पवनचक्क्यांची लांबलचक रांग. समोर शेपी बेट. बाबा ओहोटीच्या चिखलाकडे बराच वेळ पाहत उभे होते. "हा वास ओळखीचा आहे," एवढंच म्हणाले. खाजणाचा वास जगात सगळीकडे सारखाच असावा.

व्हिट्स्टेबल म्हणजे कालवं. रोमन लोकांच्या काळापासून या किनाऱ्यावरच्या कालवांना नाव आहे. दोन जाती मिळतात. एक इथलीच, चपटी, गोलसर, जिला 'नेटिव्ह' म्हणतात. दुसरी पॅसिफिक महासागराकडून आणून वाढवलेली, लांबट आणि खोल, 'रॉक'. नेटिव्ह फक्त सप्टेंबर ते एप्रिल, म्हणजे ज्या महिन्यांच्या इंग्रजी नावात 'र' येतो त्या महिन्यांत खायची, कारण उन्हाळा हा तिच्या विणीचा काळ. बाबांना हा नियम फार पटला. आपल्याकडेही नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या दर्यात घालत नाहीत.

आमच्याकडे कालवं बायका फोडतात. ओहोटीला खडपावर बसून कोयत्याने एकेक कालव सोडवायचं, हाताला चिरा पडतात, पाठ मोडून येते. माझी आजी हे करायची. त्यामुळे बंदराजवळच्या टपरीवर सहा कालवं बर्फावर मांडून, लिंबाच्या फोडीसह, कच्चीच पुढे आली तेव्हा बाबांनी आधी ती फोडणाऱ्या बाईच्या हातांकडे पाहिलं. तिने जाड हातमोजा घातला होता, बिजागरीच्या जागी आखूड सुरी घालून मनगट फिरवलं की शिंपला सुटत होता. कच्चं खायला बाबा तयार नव्हते. मी एक तोंडात टाकलं. आधी समुद्राचं खारं पाणी, मग चावल्यावर गोडवा, आणि शेवटी जिभेवर तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यासारखी एक चव राहते. माझ्याकडे पाहून बाबांनीही एक घेतलं, डोळे मिटले आणि गिळून म्हणाले, "शिजवलं की जी चव जाते, ती ही."

दुपारी लाटांच्या कडेने भटकलो. १८३० साली इथून कँटरबरीपर्यंत रेल्वे सुरू झाली होती. तिला लोक 'क्रॅब अँड विंकल लाइन' म्हणत, म्हणजे खेकडे-गोगलगाईंची गाडी. तिच्या जुन्या मार्गावरून आता लोक सायकली चालवतात.

रात्रीचं जेवण मात्र फसलं. पाऊस आला म्हणून समोर दिसलेल्या एका पबमध्ये शिरलो. बाहेर सोनेरी अक्षरांत जुन्या सालाची पाटी होती. मी कोंबडी आणि लीक (कांद्याच्या पातीसारखी भाजी) यांचा 'पाय' मागवला, म्हणजे पिठाच्या पारीखाली भाजलेलं सारण. वरची पारी मऊ पडलेली आणि आतलं सारण मध्यभागी थंड. बाबांच्या माशाचं आवरण तेल पिऊन जड झालं होतं. अशा जेवणावरूनच इंग्लंडची बदनामी झाली आहे आणि ती नऊ वर्षं मीही पुढे नेत होते.

परतताना बाबांनी विचारलं, "इतका मासा, इतकं दूध-लोणी, आणि जेवण असं का?" मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. हा देश फार लवकर शेतातून कारखान्यात गेला. गावाकडून शहरात आलेल्या बायकांच्या हातून चूल आणि परसबाग दोन्ही सुटली. त्यावर दुसरं महायुद्ध आलं. १९४० च्या जानेवारीत रेशन सुरू झालं, ते १९५४ च्या जुलैत संपलं. चौदा वर्षं! लोणी, साखर, मांस, चीज सगळं कुपनावर. चीज तर सरकारी हुकमाने जवळपास एकाच प्रकारचं बनत होतं. ज्या मुली त्या काळात वाढल्या त्यांना आईकडून शिकायला पदार्थच नव्हते. बाबा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे लोक वाईट नव्हते, पाट तुटला." मिठागरात पाणी आणणाऱ्या चरालाही ते पाटच म्हणतात.

तिसरा दिवस, शनिवार: सीसाल्टर

या दिवसासाठी सगळा खटाटोप होता.

व्हिट्स्टेबलहून सीसाल्टरच्या 'द स्पोर्ट्समन'पर्यंत किनाऱ्याने सहा किलोमीटरच्या आसपास चाल आहे. टॅक्सी करू म्हटलं तर बाबांनी ऐकलं नाही. दहा वाजता निघालो. पूर्ण ओहोटी होती. बाबांनी चालता चालता तिथी विचारली. आमच्याकडे भरतीचा हिशेब घड्याळाविना होतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थी होती, म्हणजे तीन वाजता. मी फोनवर इथलं कोष्टक पाहिलं, ते चारच्या पुढची वेळ दाखवत होतं. बाबा थोडे हिरमुसले. मग मी सांगितलं की इथे उन्हाळ्यासाठी घड्याळं एक तास पुढे ढकलतात आणि ती ऑक्टोबरच्या अखेरपर्यंत तशीच असतात. ती मागे आणली की उरणचा हिशेब केंटच्या समुद्राला फार कमी फरकाने लागू पडत होता. त्यांचा चेहरा त्यानंतर दिवसभर खुललेला होता.

वस्ती मागे पडली तशी डाव्या हाताला सपाट ओली कुरणं सुरू झाली. मध्ये पाण्याचे चर, त्यांत बगळे, पलीकडे मेंढ्या. उजव्या हाताला दगड-काँक्रीटचा उंच बांध. १९५३ साली ३१ जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्राला उधाण आलं आणि इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर तीनशेहून जास्त माणसं गेली. या किनाऱ्यावरही पाणी आत घुसलं होतं. आमच्याकडे खारबंदिस्ती फुटली की काय होतं ते बाबांनी पाहिलंय. शेतात खारं पाणी शिरलं की पुढची काही वर्षं भात नाही. त्यांनी बांधाला हात लावून पाहिला, सांधे कसे भरलेत ते वाकून पाहिलं.

या सपाट जमिनीचं नाव सीसाल्टर. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ समुद्राकाठचं मिठाचं घर. उत्तर केंटच्या या खाजणांत रोमन काळापासून मीठ बनत होतं. ऊन पुरेसं नसल्यामुळे वाफ्यांत पाणी अडवून ठेवायची सोय नाही. म्हणून मातीच्या भांड्यांत खारं पाणी भरून खाली जाळ घालायचे. विल्यम राजाने १०८६ साली साऱ्या राज्याची मोजदाद करून जे दप्तर लिहवलं, त्यात सीसाल्टरची नोंद आहे. ही जागा कँटरबरीच्या आर्चबिशपच्या, म्हणजे मोठ्या धर्मगुरूच्या मुदपाकखान्याकडे लावून दिलेली होती, असं तिथे लिहिलंय. एखादं गाव देवस्थानाच्या नैवेद्याला इनाम दिलेलं असावं तसं. मासा, मीठ, मेंढी, कालवं, जे मोठ्या स्वयंपाकघराला हवं ते सगळं या एका पट्ट्यात होतं.

स्पोर्ट्समन अगदी बांधाच्या पायथ्याशी आहे. इथे १६४२ पासून खानावळ असल्याचं सांगतात. पण इमारत पाहून कोणी थबकणार नाही. साधी, वाऱ्याने खरवडलेली, समोर गाड्या लावायला मोकळी जागा. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण बांधामुळे खिडकीतून दिसत नाही. आत लाकडी जमीन, घासून पांढरी पडलेली लाकडी टेबलं, त्यांच्यावर चादर नाही. बारवर शेपर्ड नीमची बियर, कारण ही जागा त्याच कारखान्याची. शेजारच्या टेबलावर चिखलाने भरलेले बूट घातलेलं जोडपं आणि पायाशी त्यांचं कुत्रं. उत्तम खानावळींना तारे देणारी मिशेलिन मार्गदर्शिका असते, तिच्यात २००८ साली अशा ठिकाणाला तारा मिळाला.

हे घडवणाऱ्या स्टीफन हॅरिस यांनी स्वयंपाकाचं शिक्षण घेतलेलं नाही. इतिहास शिकले, काही काळ शाळेत इतिहास शिकवला, तरुणपणी पंक बँडमध्ये होते, पैशाच्या गुंतवणुकीचा सल्ला देण्याचं कामही केलं. भावाबरोबर १९९९ साली हा पब चालवायला घेतला. इतिहासाच्या माणसाने जे करावं ते त्यांनी केलं, आपल्या पायाखालच्या जमिनीची जुनी कागदपत्रं वाचली. तिथे आर्चबिशपच्या मुदपाकखान्याची नोंद भेटली आणि मग त्यांनी बादलीभर समुद्राचं पाणी आणून चुलीवर ठेवलं. लोणी स्वतः घुसळायला लागले, हॅम स्वतः खारवायला लागले. आपल्याकडच्या किती खानावळींना आपल्या गावाचं जुनं दप्तर वाचावंसं वाटेल? वाटायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवातीला पाव आला. त्याबरोबर फिकट पिवळं लोणी आणि एका लहान वाटीत मीठ. बाबांनी पावाला हात लावला नाही. चिमूटभर मीठ तळहातावर घेतलं, बोटाने पसरलं, खिडकीच्या उजेडात धरलं, मग जिभेवर ठेवलं. मी श्वास रोखून पाहत होते.

"चुलीवरचं आहे," ते म्हणाले. "उन्हातलं नाही."

"कसं कळलं?"

"उन्हात पाणी हळू आटतं, दाणा सावकाश बसतो, मोठा आणि घट्ट होतो. जाळावर घाई होते, दाणा पातळ, पापुद्र्यासारखा राहतो. पण यांनी शेवटचं पाणी काढून टाकलंय. कडवट नाही. कामाची माणसं आहेत."

वाढायला आलेल्या मुलीला मी हे इंग्रजीत सांगितलं. ती आत गेली आणि आतून पांढऱ्या डगल्यातला एक तरुण बाहेर येऊन बाबांशी हात मिळवून गेला. त्याने विचारलं, शेवटचं पाणी कधी काढायचं हे तुम्ही कसं ओळखता? बाबांनी दोन बोटं एकमेकांवर घासून दाखवली. बोटांना तेलकट लागलं की. तोही हसला, मान हलवली. भाषांतराची वेळ आलीच नाही.

मग मेंढीच्या छातीच्या मांसाच्या बोटभर पट्ट्या, पावाच्या चुऱ्यात घोळून कुरकुरीत तळलेल्या, बरोबर मिंट सॉस. हा इंग्लंडचा जुना जोड. पुदिना बारीक चिरून, साखर आणि व्हिनेगर. आपल्या चटणीतली मिरची काढून घ्यावी आणि आंबटगोड तेवढं ठेवावं असं. बाबांना मांस आत गुलाबी राहिलेलं चालत नाही, ही माझी धास्ती होती. पण या पट्ट्या आधी कितीतरी तास मंद शिजवून, दाबून, मग तळलेल्या होत्या. बाबांनी माझ्याही वाट्याच्या खाल्ल्या. जवळच्याच मंक्सहिल फार्मच्या मेंढ्या, बांधाच्या आतल्या कुरणांत चरणाऱ्या. (आम्ही गाय-बैलाचं मांस खात नाही. हे टेबल राखतानाच कळवलं होतं. इंग्लंडच्या पबमध्ये संकोच न करता सांगावं, लोक आदराने सोय करतात.)

आणि मग ते ताट आलं ज्याबद्दल मी वर्षभर वाचत होते. 'स्लिप सोल', म्हणजे लहान आकाराचा डोव्हर सोल, तळहाताएवढा, काट्यासकट अख्खा, वर हिरवं वितळलेलं लोणी. ताटात दुसरं काहीही नाही. लिंबाची फोड नाही, पानाची सजावट नाही.

बाबा उद्गारले, "अगं, हा तर लेप!"

लेपच तो. चपटा, दोन्ही डोळे एकाच बाजूला, वाळूत लपून राहणारा. आमच्याकडे त्याला हळद-तिखट-आगळ लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर कडक करतात. इथे किनाऱ्यावरचं समुद्री शेवाळ वाळवून, त्याची पूड करून घरच्या लोण्यात कालवली होती. ते लोणी माशावर ठेवून मासा जाळाखाली जेमतेम शिजवलेला. काट्याने ढकललं की मांस हाडापासून अलगद सरकत होतं. चव कशी सांगू? पहिल्या घासाला काहीच होत नाही. मिरची-मसाल्याची सवय असलेली जीभ वाट पाहत राहते. मग हळूहळू लोण्याचा गोडवा, शेवाळाचा खोल खारेपणा आणि माशाचा स्वतःचा स्वाद एकमेकांत मिसळत येतात आणि घास संपल्यावरही जात नाहीत. मासा, शेवाळ आणि मीठ एकाच पाण्यातले. लोण्याच्या गाईसुद्धा याच मुलखातल्या. त्यात बाहेरचं काही घालायला जागाच नव्हती.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी सुरी-काटा बाजूला ठेवला होता आणि हाताने खात होते. शेवटी ताटात फक्त सरळ, स्वच्छ काटा उरला, आजीच्या ताटात उरायचा तसा. "आपला लेप आपल्या जागी," ते म्हणाले. "पण याला आगळ लावलं असतं तर मी भांडलो असतो."

नंतर बाबांना पाकट मिळालं. इथे त्याला रे म्हणतात. पाकटाला उग्र वास म्हणून आम्ही ते भरपूर मसाल्यात शिजवतो. मासा अगदी ताजा असेल तर वास येतच नाही, हे त्यांना पुन्हा सांगायला लागलं नाही. तांबूस होईपर्यंत कढवलेलं लोणी, त्यात शेरी व्हिनेगरचा आंबटपणा आणि छोट्या शिंपल्या. माझ्याकडे मेंढीचं भाजलेलं मांस आणि सफरचंदाबरोबर मुरवून शिजवलेली लाल कोबी होती. रविवारी इथल्या घराघरांत होणारं हे साधं जेवण, पण रसाची खोली अशी की मी पाव मागून घेऊन ताटली पुसली.

जेवता जेवता बाबा मिठावरच्या कराबद्दल बोलले. त्यांच्या वडिलांच्या काळात आपल्याच समुद्राचं मीठ सरकारच्या परवानगीशिवाय उचलणं गुन्हा होता. १९३० साली शिरोड्याला आणि वडाळ्याला त्यासाठी माणसांनी लाठ्या खाल्ल्या. इंग्लंडने आपल्या देशातला मिठावरचा कर १८२५ साली काढून टाकला होता. आपल्याकडचा १९४७ साली गेला. बाबांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, पण त्यांना हे त्याच टेबलावर बोलायचं होतं आणि मला ते योग्यच वाटलं. ज्या देशात एवढ्या प्रेमाने मीठ काढणारी माणसं आहेत त्याच देशाने ते दुसऱ्यांना काढू दिलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

शेवटी ब्रॅम्ली सफरचंदाचा सूफ्ले, म्हणजे फुगवून भाजलेला हलका गोड पदार्थ. ब्रॅम्ली हे आंबट, फक्त शिजवायचं सफरचंद. त्याचं मूळ झाड नॉटिंगहॅमशायरमधल्या साउथवेलला १८०९ साली एका मुलीने लावलेल्या बीमधून उगवलं. मेरी ॲन ब्रेल्सफर्ड तिचं नाव. या सफरचंदाचा शिजल्यावर फेस होतो, म्हणूनच सूफ्ले असा उंच फुगतो. बाबांनी चमच्याने त्याचं डोकं हळूच फोडलं आणि आतून वाफ आली. बरोबर खारट कॅरमेलचं आइस्क्रीम. तेच मीठ पुन्हा.

बाहेर आलो तेव्हा चार वाजत आले होते. बांधावर चढलो तर सकाळचा सगळा चिखल पाण्याखाली गेलेला. बाबांनी पिशवीतून पाण्याची दोन लिटरची रिकामी बाटली काढली, सपाता काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ऑक्टोबरच्या त्या गार पाण्यात उतरले. मी ओरडले, पण त्यांनी बाटली बुडवून पूर्ण भरली, बूच घट्ट लावलं आणि मगच वर आले. टॅक्सीत ती बाटली त्यांच्या मांडीवर होती.

चौथा दिवस, रविवार: फेव्हर्शम आणि घर

परतीच्या वाटेवर फेव्हर्शमला उतरलो. गावाच्या मध्यभागी १५७४ सालचं, लाकडी खांबांवर उभं असलेलं गिल्डहॉल, म्हणजे जुनं नगरभवन. शेपर्ड नीमचा कारखाना इथलाच. १६९८ हे साल ते आपल्या स्थापनेचं सांगतात. रस्त्यात उकडलेल्या धान्याचा वास होता. केंटमध्ये हॉप्सच्या वेली होतात, बियरला कडवटपणा येतो तो त्यांच्या फुलांमुळे. एका छोट्या पबच्या आढ्याला त्या वाळलेल्या वेली तोरणासारख्या बांधल्या होत्या. बाबांनी अर्धा पाइंट घेतला, हॉप्सचं एक फूल चोळून हुंगलं आणि "कडुनिंबाचा भाऊ" असं नाव दिलं. तिथे भाजलेली कोंबडी, यॉर्कशायर पुडिंग आणि ग्रेव्ही खाल्ली. नीट केलेली होती, पण आमची जीभ आदल्या दिवशीच्या जेवणावरून उतरली नव्हती.

गावाबाहेर ब्रॉगडेलला इंग्लंडच्या फळझाडांचा राष्ट्रीय संग्रह आहे. एकट्या सफरचंदाचेच दोन हजारांहून जास्त प्रकार जपलेत. आम्हाला तासभरच मिळाला. झाडांखाली पडलेल्या फळांचा आंबूस वास, प्रत्येक बुंध्याशी नावाची पाटी. बाबा एकेक पाटी मला वाचायला लावत होते. आमच्या बाजूला भाताचे किती प्रकार होते ते त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि गाडीची वेळ झाली.

रात्री नऊला घरी पोचलो. मुलं जागीच होती. आजोबांनी बाटलीतलं पाणी फडक्यातून दोनदा गाळलं, रुंद पातेल्यात ओतलं आणि आमच्या गॅसवर ठेवलं. खिडक्या धुरकटल्या. पाऊण तासाने कडेला पांढरी रेघ दिसायला लागली तेव्हा त्यांनी आच कमी केली आणि धाकट्याला स्टुलावर उभं केलं. पाण्यावर पातळ चकत्या तरंगायला लागल्या, मग जड होऊन बुडायला लागल्या. तळाशी थोडं पाणी उरलं तेव्हा त्यांनी त्यात बोट बुडवून अंगठ्यावर घासलं, नातवाचंही बोट बुडवलं.

"कसं लागतंय?"

"तेलासारखं."

"मग आता ओत."

ते पाणी मोरीत गेलं. उरलेलं मीठ फडक्यावर पसरलं, वाटीच्या तळाला दोन बोटं उरेल इतकंच. मी तांदळाची भाकरी टाकली, वर लोणी लावलं. बाबांनी आधी सीसाल्टरचं मीठ चिमटीने एका कोपऱ्यावर भुरभुरलं, मग डब्यातून आपलं खडेमीठ काढून, वरवंटा नव्हता म्हणून ग्लासाच्या बुडाने ठेचून, दुसऱ्या कोपऱ्यावर. मुलांना दोन्हीकडचा एकेक तुकडा दिला आणि कुठला कुठला ते डोळे मिटून ओळखायला सांगितलं.